दापोलीच्या घरामागे डेक : साग, डब्ल्यूपीसी आणि पाच लाख

प्रश्न : दापोली तालुक्यात आमचं सासरचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, कौलारू. समुद्र दीडेक किलोमीटरवर, खाली खाडी. आम्ही डोंबिवलीला असतो, सासूबाई (वय ७६) मात्र वर्षातले आठ महिने गावीच. मागल्या दारी उतार आहे आणि तिथून खाडी छान दिसते. तिथे २० बाय १२ फुटांचा लाकडी डेक करायचं मनात आहे. वर छप्पर नको. खर्चाची मर्यादा पाच लाख. दोन कोटेशनं आली आहेत. पुण्याचा एक कंत्राटदार डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा नि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा) डेक चौरस फुटाला १,३५० रुपयांत ‘सगळं धरून’ करून देतो म्हणतो. गावच्या सुताराचं सागाचं कोटेशन असं : साग ३६ घनफूट, दर ४,२००, लोखंडी सांगाडा ६२० किलो, दर १३०, मजुरी चौरस फुटाला ३५०, पॉलिश ३६,०००. परड्यात आमचे दोन साग उभे आहेत, ते तोडले तर लाकूड फुकटात पडेल असं दीर म्हणतात. मेच्या सुट्टीत मुलं येतात, त्याआधी काम व्हायला हवं. साग घ्यावा की डब्ल्यूपीसी? आणि सासूबाईंना डेकवर झोपाळा हवा आहे, तो टांगता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, साग की डब्ल्यूपीसी याच्याकडे येतोच. पण दोन्ही कोटेशनं वाचताना त्यांत काय आहे यापेक्षा काय नाही तेच आधी डोळ्यांत भरलं. पाया दोन्हींत नाही. कठडा नाही. पायऱ्या नाहीत. उतारावरचा डेक म्हणजे खाडीकडची बाजू जमिनीपासून तीन-चार फूट तरी वर येणार, आणि त्यावर शहात्तर वर्षांच्या बाई नि सुट्टीला आलेली मुलं वावरणार. कठड्याशिवाय तो डेक वापरताच येणार नाही. म्हणजे ‘सगळं धरून’ या शब्दांत नक्की काय काय धरलंय ते लेखी मागा. जीएसटी धरलाय का, हेही विचारा. चौरस फुटाला १,३५० ने २४० फुटांचे ३,२४,००० होतात. त्यावर १८ टक्के लागले तर ३,८२,३२०. वर पाया, कठडा, पायऱ्या नि गावापर्यंतची वाहतूक आली की पाच लाख कधी ओलांडले ते कळायचंही नाही.

सुताराचं कोटेशन ३,५१,८०० चं आहे आणि त्यात एक मजेशीर गोष्ट आहे. २४० चौरस फुटांवर एक इंच जाडीची फळी म्हणजे निव्वळ २० घनफूट लाकूड. रंध्याखाली जाणारं आणि कापताना वाया जाणारं धरलं तर २५. मग ३६ कुठून आले? सोळा इंचांवर एक याप्रमाणे दोन बाय चार इंची, बारा फुटी वासे टाकले तर ते सोळा लागतात आणि त्यांचे पावणेअकरा घनफूट होतात. पंचवीस नि अकरा, छत्तीस. म्हणजे सुताराने आधी लाकडी सांगाड्याचा हिशेब केला असणार, मग सांगाडा लोखंडी ठरला, तो वजनावर लिहिला, आणि लाकडातून वासे वजा करायचे राहिले. याला लगेच लबाडी म्हणू नका, बसून शांतपणे विचारा. पण ४६,२०० रुपयांचा प्रश्न आहे, तेव्हा विचाराच. लोखंडाचंही तसंच. ‘६२० किलो’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या मापाचा बॉक्स पाईप, किती जाडीचा, किती मीटर, हे लिहून घ्या आणि माल आला की वजनकाट्याची पावती मागा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बजेट फळीपासून लावताय, आणि डेक कुजतो तो खालून. कोकणात तर नक्कीच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच रेंगाळला की बुरशीचं फावतं. श्रावणातली नुसती हवाच लाकडाला त्या आकड्याच्या जवळ नेऊन ठेवते, वरून पाणी पडायचीसुद्धा गरज नाही. तेव्हा लाकूड भिजू नये हा हट्ट सोडा, ते भिजणारच. भिजलेलं लवकर सुकेल कसं, एवढंच आपल्या हातात आहे. त्यासाठी खालून वारा खेळायला हवा, पाणी साठायला नको आणि लाकूड कुठल्याही ओल्या वस्तूला टेकायला नको. पहिला पैसा इथे घाला. वरच्या फळ्या पुढे केव्हाही बदलता येतात, पाया नि सांगाडा बदलायचा म्हणजे सगळंच उकलावं लागतं.

सगळ्यात आधी पागोळ्या बघा. तुमचं घर कौलारू, म्हणजे मागच्या उताराचं सगळं पाणी भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एका रेषेत खाली कोसळतं. अंगणात त्या रेषेवर मातीला चर पडलेला दिसेल. घराला लागून डेक केलात तर ती रेषा नेमकी फळ्यांवर येते. बाकीचा डेक दहा वर्षं टिकला तरी तेवढा पट्टा त्याच्या कितीतरी आधी मऊ पडेल, शिवाय उडालेलं पाणी भिंतीवर जाईल ते वेगळंच. म्हणून डेकच्या आधी पन्हळ. चांगली रुंद, कोपऱ्यात खाली उतरवलेली, पाणी डेकच्या पलीकडे नेऊन सोडणारी. कोटेशनात हीही नाही.

डेक घराच्या भिंतीला जोडू नका. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि त्यात ठोकलेला बोल्ट काँक्रीटमधल्यासारखा पकडत नाही. डेक स्वतःच्या खांबांवर उभा राहू दे, भिंतीपासून दोन बोटं मोकळा. त्या फटीचा आणखी एक उपयोग आहे. वाळवी उजेडात येत नाही, मातीच्या नळ्या करत वर चढते. फट मोकळी असली की त्या नळ्या दिसतात आणि काठीने मोडता येतात. फट बुजवली की ती भिंतीतून थेट फळीत, आणि तुम्हाला पत्ता लागतो तो पाय आत गेल्यावर.

खांब जमिनीत गाडून भोवती काँक्रीट ओतायची पद्धत आहे, ती करू देऊ नका. मातीच्या पातळीलाच खांब आधी खातो, मग तो लाकडी असो की लोखंडी. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या सहाएक इंच वर काढा आणि त्यावर प्लेट बसवून खांब उभा करा. खाली कातळ लागला तर खोदाई थोडक्यात आटपेल, भराव लागला तर खोल जावं लागेल. म्हणून पायाचा खर्च खड्डा मारून बघितल्याशिवाय कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पाया खणताना वाळवीची फवारणी करून घ्या; त्याची भारतीय मानकं आहेत (आयएस ६३१३), आणि हे काम करणाऱ्याला तो क्रमांक माहीत असायला हवा. डेकखालची जमीन घरापासून बाहेर उतरती करा, वर तीन-चार इंच खडी टाका. घराकडच्या बाजूलाही दीड फूट मोकळी जागा राहू द्या, म्हणजे खराटा आत जातो. आणि डेकखाली झावळ्या, सोडणं, लाकूडफाटा ठेवायचा मोह घरात सगळ्यांना होणार आहे, तो आत्ताच मोडून काढा. वाळवीचं सोडा, आपल्याकडे फुरसं असतं.

लोखंडी सांगाड्याला माझी हरकत नाही. पण कोटेशनात ‘रेडऑक्साइड व ऑइलपेंट’ एवढंच असेल तर खाऱ्या वाऱ्यात ते काही वर्षांचंच सोबती. त्यातून बॉक्स पाईप आतून गंजतो, तिथे ब्रश पोचत नाही. सांगाडा तुकड्यांत बनवून, भोकं आधीच पाडून, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर) करून आणा आणि जागेवर बोल्टने जोडा. ही सोय गावात मिळत नाही, माल बाहेर पाठवावा लागतो आणि त्याचे आठ-पंधरा दिवस जातात. ते वेळापत्रकात धरा. जागेवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. तेव्हा बोल्टच.

आणि स्क्रू. तुमच्या २० बाय १२ च्या डेकला चार इंची फळ्यांच्या चौतीस ओळी आणि खाली सोळा आडवे पाईप, प्रत्येक ठिकाणी दोन, असे जवळजवळ अकराशे स्क्रू लागतात. हे काम शेवटी येतं, तोवर सगळ्यांचा हात आखडलेला असतो, आणि कुणीतरी दुकानातून चकचकीत पिवळे स्क्रू घेऊन येतो. दोन पावसाळ्यांत त्यांची डोकी गंजतात, सागावर काळे ओघळ उतरतात, आणि फळी दुरुस्तीला काढायला गेलं की स्क्रू मधेच मोडतो. समुद्राच्या एवढ्या जवळ एसएस ३१६, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. एका स्क्रूमागे दहा रुपये जास्त पडले तरी अकरा हजार होतात, आणि सुताराच्या कोटेशनात तेवढे तुम्ही आत्ताच वाचवलेत. फक्त ३१६ चा स्क्रू लोखंडात आपला आपण भोक पाडत नाही, आधी ड्रिल मारावं लागतं. त्यासाठी मजुरी वाढवून मागितली तर घासाघीस करू नका.

आता फळी. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा नि प्लास्टिक. त्याला वाळवी सहसा लागत नाही, पॉलिश लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण शेवाळ त्याच्यावरही धरतं. उन्हात ते लाकडापेक्षा जास्त तापतं, एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं. उष्णतेने ते लांबीत वाढतं, म्हणून टोकांना फट ठेवावी लागते. ठेवली नाही तर फळ्या कमानीसारख्या उचलतात. स्वस्त कोटेशनात बहुधा पोकळ फळी असते, तिच्या पोकळीत पाणी शिरून राहतं. भरीव, वरून प्लास्टिकचं आवरण असलेली फळी असेल आणि खाली सोळाऐवजी बारा इंचांवर पाईप असतील तर काम बरं होतं. पण मग १,३५० चा दर राहणार नाही.

सागाचं म्हणाल तर सगळा साग सारखा नसतो. टिकतो तो गाभ्याचा तपकिरी भाग. बाहेरचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते, मग बिलावर साग लिहिलेलं असो नाही तर आणखी काही. लागवडीच्या कोवळ्या झाडात हा फिकट भाग बराच असतो. फळ्या घेताना टोकाकडून बघा, आडव्या छेदात फरक स्वच्छ दिसतो. आणि कोटेशनात ‘फिकट भाग चालणार नाही’ असं एक वाक्य घाला. जवळपास कुणी जुनं घर उतरवत असेल तर तिथल्या सागाच्या तुळयांची चौकशी करा. मुरलेलं लाकूड असतं, फक्त खिळे काढायची मजुरी लागते आणि भुंग्याची भोकं तपासून घ्यावी लागतात.

दीर म्हणतात ते दोन साग मात्र यंदा विसरा. साग स्वतःच्या परड्यातला असला तरी तोडायला वन खात्याची परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. परवानगी मिळाली, झाड पडलं, गिरणीत चिरलं, तरी एक इंचाची फळी सावलीत नीट सुकायला वर्षभर धरावं लागतं. ओली फळी ठोकली की ती जागेवर पिळवटते आणि स्क्रू उपटते. शिवाय तोड, ओढणी, चिरणी, भट्टी यांचे पैसे मोजले की ‘फुकट’ किती उरतं ते दिरांनाच विचारा. पुढेमागे कठडा बदलायचा झाला तर ते साग उपयोगी पडतील.

मग माझं मत काय? साग घ्या, पण डेक लहान करा. वीस बाय बारा ही खोली नव्हे, हॉल आहे, आणि वर्षातले आठ महिने तिथे एक बाई चहा पिणार आहेत. १२ बाय १२ चा लाकडी डेक करा, त्यात चार खुर्च्या नि एक टेबल आरामात बसतं. उरलेल्या आठ फुटांत, वरच्या अंगाला, एक पायरी खाली चिऱ्याचा ओटा बांधा. नारळ सोलणं, वाळवणं घालणं, मुलांचे मातीचे पाय हे सगळं ओट्यावर होईल, डेकवर नाही. ओट्याला पावसाचं भय नाही आणि घराशी तो शोभतोही. लाकडी डेकवर कुणी कोकम वाळत घातलं तर त्याचे डाग तुम्ही जन्मभर बघत बसाल.

हिशेब बघा. लाकूड नि लोखंड सुताराच्याच दराने, बाकी अंदाजाने. साग १५ घनफूट, ६३,०००. सांगाडा ३७० किलोच्या आसपास, ४८,०००. गॅल्व्हनायझिंग वाहतुकीसह २०,०००. नऊ खांबांचा पाया ४०,०००. स्क्रू-बोल्ट १०,०००. मजुरी ५०,०००. पॉलिशऐवजी तेल, हातासकट १५,०००. कठडा नि पायऱ्या ५०,०००. खडी, चर, पन्हळ ३०,०००. ओटा ६०,०००. हे झाले ३,८६,०००. पाचातले १,१४,००० उरतात. त्यातले साठ हजार कुणाला न सांगता बाजूला ठेवा, खड्ड्यात भराव निघाला किंवा ट्रक वरपर्यंत आला नाही तर ते लागतीलच. उरलेले पुढच्या देखभालीचे. हा आकडा कंत्राटदारासमोर बोलायचा नाही.

पॉलिशचे ३६,००० मी का काढले? उघड्यावर चकचकीत पॉलिशचा किंवा व्हार्निशचा थर दुसऱ्या पावसात पापुद्र्यांनी सुटतो, मग सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. तेल लाकडात मुरतं, ते सुटत नाही, नुसतं फिकं होतं. दर वर्षी पाऊस जाऊन फळ्या पुऱ्या सुकल्या की खराट्याने घासून तेलाचा हात द्यायचा, एवढ्या डेकला तीन लिटरच्या आत भागतं. पावसाळ्यात शेवाळ दिसलं की लगेच घासून काढायचं. सासूबाई घसरतील त्या यानेच. खाचा पाडलेल्या फळ्या ‘घसरत नाहीत’ म्हणून विकतात, पण त्या खाचांतच माती नि पाणी राहतं. सपाट फळी घ्या.

कठडा सव्वातीन फुटांपेक्षा कमी नको आणि दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त नको. आडवे गज दिसायला छान दिसतात, पण मुलांना ती शिडीच. उभेच घ्या. पायरीशी सासूबाईंच्या हाताला येईल असा एक दांडा वेगळा.

वर छप्पर नको हे ठरलंय ते ठीक. उद्या मन बदललं तर मात्र नुसते चार पाईप नि पत्रे नकोत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तुमच्या तालुक्यात पत्रे कुठून कुठे गेले ते गावात कुणीही सांगेल. छप्पर करायचं तर त्याचा पाया नि बांधणी वेगळी, इंजिनिअरला विचारून. आणि छप्पर असो-नसो, ग्रामपंचायतीत जाऊन बांधकामाचं विचारून घ्या. समुद्र दीड किलोमीटरवर म्हणून निर्धास्त राहू नका. भरतीचं पाणी खाडीतही येतं, आणि सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियंत्रण असलेल्या पट्ट्याची) रेषा खाडीकाठानेही आखलेली असते. तुमचा गट नंबर नकाशावर कुठे येतो ते पैसे देण्याआधी बघा.

वेळेचं म्हणाल तर मे अखेर नव्हे, शिमग्याआधी काम उरकायचं असं धरून चला. दिवाळीनंतर खड्डे नि पाया, डिसेंबरात सांगाडा गॅल्व्हनायझिंगला, जानेवारी-फेब्रुवारीत फळ्या. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा तुम्हाला सुतार मिळणार नाही, आणि मागायलाही जाऊ नका. त्यानंतर आंबा सुरू होतो, मग कौलं परतायची घाई, गडी कुणाच्याच हाताला लागत नाही. एप्रिलच्या शेवटी हातघाईने ठोकलेला डेक जूनमध्ये रडवतो. कोरड्या दिवसांत सुकं लाकूड बसवताना दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट सोडायला सांगा, पावसात त्या फुगतात. सुतार म्हणेल, फट वाईट दिसते. दिसू दे.

राहिला झोपाळा. डेकला टांगायचा नाही. झोपाळ्याचा हेलकावा दर वेळी खांबाला हिसका देतो आणि नऊ छोट्या खांबांवरचा सांगाडा त्यासाठी केलेला नसतो. बोल्ट सैल होतात, मग सगळा डेक करकरतो. ओट्याच्या कडेला झोपाळ्याचे दोन स्वतंत्र खांब, स्वतःच्या पायावर, हे करता येईल. पण घराला मागे पडवी असेल आणि तिची तुळई शाबूत असेल तर मी तिथेच कड्या बसवीन. सासूबाईंना पावसातही बसता येईल, खाडी तिथूनही दिसेल, आणि खर्च कड्या-साखळ्यांपुरता. तुळईला मात्र आधी सुताराकडून चार ठिकाणी ठोकून बघा, पोकळ वाजली तर नाही.